दोन बोटं तेल

बोरीवलीच्या एक्सर गावठाणातल्या अल्फान्सोला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. असं गावठाण म्हणत नव्हतं. अल्फान्सो स्वतःच म्हणायचा, आणि दिवसातून दोनदा तरी म्हणायचा. दळण घेऊन गेला की तो चक्कीसमोर ठाण मांडून बसे आणि आपल्याच गव्हाचं पीठ आपल्याच डब्यात पडतंय याची खात्री झाल्यावर उठे. पोस्टमनने पत्र दिलं की आतला मजकूर नंतर, आधी पाकिटाचा डिंक तपासायचा. केस कापून घेताना तो आरशात स्वतःकडे न बघता न्हाव्याच्या हाताकडे बघत राही. त्याची बायको ॲग्नेस म्हणायची, "स्वर्गाच्या दारात सेंट पीटर भेटला ना, तर तू त्याला आधी ओळखपत्र मागशील." यावर अल्फान्सो म्हणे, "मग? दाखवायला काय झालं त्याला?"

अशा या माणसाने भागीदारीत मोटारसायकल घेतली होती.

भागीदार म्हणजे शेजारचा जयवंत परब. मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते, हा अंधेरीला पंख्यांच्या कारखान्यात रंगखात्यात. अल्फान्सो त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये. भिंतीला भिंत लागून घरं, पुढे एकच अंगण आणि अकरा वर्षांची दोस्ती. चौसष्ट साली दोघांनी मिळून एक जुनी जावा घेतली, तेव्हा अल्फान्सोने व्यवस्था ठरवून दिली. गाडीचं नोंदणीचं पुस्तक जयवंतच्या नावावर आणि किल्ली अल्फान्सोच्या घरातल्या खिळ्यावर. म्हणजे पुस्तकवाल्याला गाडी पळवता येऊ नये आणि किल्लीवाल्याला विकता येऊ नये. जयवंतला खरं तर याचा राग यायला हवा होता, पण तो म्हणाला, "झकास." हा एवढ्या पटकन हो का म्हणाला, हा प्रश्न अल्फान्सोला पुढची पाच वर्षं पडलेला होता.

सकाळी जाताना अल्फान्सो गाडी चालवी, संध्याकाळी येताना जयवंत. मागे बसणाऱ्याने घोडबंदर रोडवरचे खड्डे आधी ओरडून सांगायचे आणि कारखान्यातल्या लोकांची उणीदुणी काढत राहायचं. बोरीवली ते अंधेरी आणि अंधेरी ते बोरीवली, दिवसाला जवळजवळ दोन तास हे चाले. अल्फान्सो कबूल करत नसे, पण दिवसाचे तेच दोन तास तो कुणावर संशय घेत नसे.

एकोणसत्तरच्या मार्च महिन्यात ॲग्नेस विहिरीवरून पाणी घेऊन आली आणि कळशी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "विमला सांगत होती, जयवंतच्या मामांनी मुलुंडला घर बांधलंय. खालच्या दोन खोल्या जयवंतला देतो म्हणतायत. मुलुंडला त्यांच्या ओळखीने नोकरीसुद्धा आहे."

"मग? जाणार आहेत?"

"ते काय मला माहीत? तू विचार ना त्याला."

जयवंत मुलुंडला गेला तर अर्धी गाडी विकावी लागणार, हे तर होतंच. पण त्याहून वाईट म्हणजे मागची सीट रिकामी होणार होती. तिथे कुणाला बसवायचं? कारखान्यात दीडशे माणसं होती आणि त्यातल्या दीडशेंवरही अल्फान्सोचा भरवसा नव्हता. त्याला जयवंत जायला नको होता, इतकी साधी गोष्ट होती. साध्या माणसाने अंगणात जाऊन विचारलं असतं, "काय रे, चाललास?" पण अल्फान्सोने ठरवलं की आपण विचारायचं नाही. मन साफ असेल तर तो आपणहून सांगेल.

जयवंतने सांगितलं नाही. एप्रिल गेला, मे गेला. अल्फान्सोचं बोलणं कमी कमी होत गेलं. तो गाडीवर मागे बसून जयवंतच्या मानेकडे बघत राही, जणू तिथे काही लिहिलेलं सापडणार होतं.

त्याच सुमाराला गाडी आवाज करायला लागली. जरा खड्डा आला की पुढून 'खडाक' असा आवाज यायचा आणि हँडल हाताला झटका द्यायचं. बोरीवलीच्या फाटकाजवळ गुणाजी मिस्त्रीचं गॅरेज होतं. गुणाजीने गाडी पुढून दोनदा दाबली आणि सांगितलं, "पुढच्या फोर्कमधलं ऑइल मेलंय. या दोन पायांत स्प्रिंग असते, त्यात तेल असतं, त्यावर गाडी झोके घेते. तेलाचं झालंय पाणी. एक दिवस गाडी ठेवून जा, बदलून देतो."

"ठेवून जा?" अल्फान्सोने विचारलं.

"मग काय, तुमच्या मांडीवर बसून करू?"

बाहेर आल्यावर अल्फान्सो जयवंतला म्हणाला, "ठेवून जा म्हणतो! एक दिवसात हा आपली स्प्रिंग काढून दुसऱ्याची घालेल. आपण घरी करू. मी स्टोअरमध्ये आहे, मला सगळं ठाऊक आहे. तासाभराचं काम."

"तुला येतं?" जयवंतने विचारलं.

"त्यात येण्यासारखं काय आहे? खालचा स्क्रू काढायचा, जुनं तेल जाऊ द्यायचं. स्क्रू लावायचा. वरचं नट काढायचं, नवं तेल ओतायचं. डावा पाय मी करतो, उजवा तू कर. म्हणजे कुणाची तक्रार नको."

जयवंत म्हणाला, "झकास." अल्फान्सोने त्याच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं.

शनिवारी दुपारी अंगणात काम निघालं. गाडी स्टँडवर घेऊन पुढचं चाक वर उचललं, इंजिनाखाली फळी सरकवली. खालचे स्क्रू काढल्यावर दोन्ही पायांतून काळंभोर, सडक्या मासळीसारख्या वासाचं पाणी निघालं. ॲग्नेसने वास घेऊन खिडकी लावून घेतली. मापाला लुसीची, म्हणजे अल्फान्सोच्या मुलीची, लहानपणची दुधाची बाटली होती. लुसी आता सातवीत होती, पण बाटलीवरच्या औंसाच्या रेघा अजून शाबूत होत्या. एका पायात सहा औंस, असा हिशेब गुणाजीकडून आडवळणाने काढून घेतलेला होता.

अल्फान्सोने डाव्या पायात सहा औंस तेल ओतलं आणि ताबडतोब छत्रीची एक काडी आत घालून वर काढली. काडी एक वीत चार बोटं ओली होती. त्याने तिथे कानशीने खूण केली.

"हे कशाला?" जयवंतने विचारलं.

"असू दे. पुढेमागे कामाला येईल."

मग जयवंतने बाटली घेतली. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती म्हणून तो वळला आणि पाठमोरा होऊन ओतू लागला. उन्हाचं कारण जयवंतने सांगितलं. अल्फान्सोला दिसली ती फक्त पाठ. ओतून झाल्यावर जयवंतनेही काडी मागून घेतली, आपल्या पायात घातली, बघितली, पुसली आणि काही न बोलता परत दिली. लगेच नट आवळून टाकलं. किती ओली झाली ते अल्फान्सोला दिसलंच नाही.

"सहा औंस पूर्ण घातलेस ना?"

"मग काय प्यालो मी?"

रविवारी सकाळी सहाला जयवंत बाटल्यांची जाळी घेऊन आरे केंद्रावर दुधाच्या रांगेत गेला. अल्फान्सो खिडकीत टपून होताच. जयवंत वळणावर दिसेनासा झाल्याबरोबर अल्फान्सो पाना आणि काडी घेऊन अंगणात आला, उजव्या पायाचं नट काढलं आणि काडी आत सोडली. एक वीत दोन बोटं!

त्याने पुन्हा पुसून पुन्हा घातली. एक वीत दोन बोटं. म्हणजे चक्क दोन बोटं तेल कमी होतं. अल्फान्सो तिथेच चाकाशी उकिडवा बसला. त्याला राग आला असं म्हणणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर त्याला रडू येत होतं. जाणारा माणूस पूर्ण तेल कशाला घालेल? ज्याला गाडीवर बसायचंच नाही, त्याला गाडीच्या गुडघ्यांची काय फिकीर? म्हणजे मुलुंडचं पक्कं झालं होतं.

इथे त्याने एकदा स्वतःच्या पायातही काडी घालून बघायला हवी होती. पण स्वतःवर संशय घ्यायची सवय अल्फान्सोला नव्हती. त्याला वाटलं, तो चोरून दोन बोटं कमी घालतो, आणि मी मूर्खासारखा पूर्ण घालू? सगळा भार माझ्या पायाने उचलायचा? त्याने आपल्या पायाचा खालचा स्क्रू सैल केला, औंसभर तेल खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत काढून घेतलं, स्क्रू लावला आणि बाटली तांदळाच्या डब्यात खोल खुपसली. मग हात धुऊन, कोट घालून आठच्या मिस्साला गेला. देवळात त्याने जयवंतला सद्बुद्धी मिळावी म्हणून प्रार्थना केली.

सोमवारी जयवंत दुधाला गेल्यावर त्याने पुन्हा तपासलं, तर उजव्या पायात तेल आणखी दोन बोटं खाली गेलेलं. आता मात्र कमाल झाली! म्हणजे एकदा कमी घालून याचं पोट भरलं नाही, हा आता काढूनही घेतोय. कधी काढलं असेल? कालच, आपण देवळात गुडघे टेकून त्याच्यासाठी प्रार्थना करत होतो तेव्हा! अल्फान्सोने लगेच आपल्या पायातून औंसभर तेल काढलं.

मंगळवारी जाताना गाडी मालाडच्या खड्ड्यात बसली ती खणखणीत आवाज करून. नवीन तेल घातलेली गाडी जुन्या तेलापेक्षा जास्त वाजत होती. गोरेगावला मागून जयवंत म्हणाला, "रस्ता खराब झालाय."

"हो. फार खराब झालाय," अल्फान्सो म्हणाला.

आणि मनात म्हणाला, बघा. गाडी एवढी वाजतेय आणि हा विचारत नाही की का वाजतेय. म्हणजे याला माहीत आहे. ज्याचं मन साफ असतं तो विचारतो. आपण स्वतःही विचारलं नव्हतं, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही.

बुधवारी अल्फान्सो संध्याकाळी देवळात नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाऊन आला. गुरुवारी सकाळी उजवा पाय आणखी खाली. या वेळी दोन औंस बाटलीत. शुक्रवारी तेच. गाडी आता नुसतं तोंडाने फुंकलं तरी पुढून खाली बसायची. ब्रेक दाबला की चालवणारा हँडलवर आणि मागचा चालवणाऱ्यावर.

तोवर ॲग्नेसला वेगळाच संशय आला. नवरा आठवडाभर पहाटे उठतो, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालतो आणि आपण जाग्या झालो की जपमाळ हातात घेऊन बसतो. दारूबंदीचे दिवस. परमिटशिवाय घोटभर मिळायची नाही आणि गावठाणात कोण कशात बाटली लपवतो हे बायकांना तोंडपाठ असायचं. शुक्रवारी जेवायला वाढताना ती म्हणाली, "भाताला वास येतोय."

"नवीन तांदूळ असेल."

"बाटली कसली आहे डब्यात?"

मित्राच्या मागे त्याच्या बरोबरीने आपण गाडीचं तेल चोरतो, हे बायकोला सांगायचं कसं? त्यापेक्षा दारुडा ठरलेलं बरं.

"थोडीशी घेतो कधीकधी," तो मान खाली घालून म्हणाला. "औषध म्हणून."

"जीझस! तूसुद्धा?"

"सुद्धा म्हणजे? आणखी कोण?"

"विमला रडत होती आज. जयवंतनेही देवघरामागे बाटली लपवलीय."

देवघरामागे बाटली. म्हणजे चोरलेलं तेल घरातच होतं, पुरावा भिंतीपलीकडे होता. त्याला अजून स्वतःच्या तांदळाच्या डब्याची आठवण झाली नाही.

शनिवारी अर्धा दिवस होता. दुपारी घरी येताना जयवंत चालवत होता. गोरेगाव सोडल्यावर रस्त्याच्या कडेला म्हशींचा एक तबेला लागतो तिथे, पावसाळ्याआधी पाइप टाकायला म्हणून, आडवा चर खणून अर्धवट बुजवलेला होता.

"चर आहे, हळू," अल्फान्सो मागून ओरडला.

जयवंतने ब्रेक दाबला. गाडीचं नाक खाली गेलं ते गेलंच. लोखंडावर लोखंड आपटलं, दिव्याची काच निखळून रस्त्यावर पडली, हँडल जयवंतच्या हातातून सुटलं, आणि गाडी दोघांना घेऊन तबेल्याच्या आवारात शिरली. तिथे सिमेंटच्या हौदात म्हशींसाठी सरकीची पेंड भिजत घातलेली होती. गाडी हौदाच्या कठड्याला टेकून थांबली. ते दोघं थांबले नाहीत.

अल्फान्सो पेंडीतून डोकं बाहेर काढून आधी ओरडला तो गाडीच्या नावाने नव्हे. "जयवंत! जयवंत, कुठे आहेस? लागलं का रे?"

"हंय असंय," जयवंतचा आवाज आला. घाबरला की तो मालवणीवर जायचा. "तुझी हाडां बघ आधी. माझ्या तोंडार म्हस उभी असा."

खरोखरच एक म्हैस त्याच्या खांद्यावरची पेंड चाटत होती. दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. क्षणभर दोघं एकमेकांना चाचपत, पेंड झटकत हसायला लागले, महिन्या-दोन महिन्यांत हसले नव्हते तसे. मग दोघांचीही नजर एकाच वेळी गाडीच्या पुढच्या फोर्ककडे गेली आणि हसू बंद झालं.

गाडी ढकलत बोरीवलीपर्यंत नेली. गुणाजीने दोघांना खालून वरपर्यंत पाहिलं, वास घेतला, आणि काही न विचारता आधी फोर्कचे दोन्ही खालचे स्क्रू काढले. खाली थाळी धरली. डाव्या पायातून तीन थेंब पडले. उजव्यातून दोन.

"तेल कुठाय?" गुणाजीने विचारलं.

मग त्याने स्वतःच दोन्ही पायांवरून बोट फिरवलं.

"सील कोरडं आहे. गळती नाही. तेल उडून जात नाही. कोणीतरी काढलंय."

"याला विचार," अल्फान्सो म्हणाला.

"माका कित्याक? त्याकाच विचार," जयवंत म्हणाला.

"तू पहिल्या दिवसापासून दोन बोटं कमी घातलं होतंस! रविवारी सकाळी मी काडी घालून बघितलं!"

"मी कमी घातलं? मी सहा औंस घातलं, काडी घालून बघितलं, एक वीत चार बोटं! आणि रविवारी तू देवळात गेलास तेव्हा मी तुझा पाय बघितला. तुझा तर चार बोटं कमी होता!"

"कारण तू कमी घातलंस म्हणून मी काढलं!"

"आणि तू काढलंस म्हणून मी काढलं!"

"म्हणून मी परत काढलं!"

गुणाजी थाळी खाली ठेवून स्टुलावर बसला. त्याने बिडी पेटवली आणि दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं, कारण असं गिऱ्हाईक रोज येत नाही. मग त्याने विचारलं, "स्वतःच्या पायात काडी कधी घातली?"

"ओतल्या ओतल्या," दोघं एकदम म्हणाले.

"आणि दुसऱ्याच्या पायात?"

"दुसऱ्या दिवशी."

"अरे देवा. ताजं तेल आधी स्प्रिंगला, नळीला चिकटून असतं. काडी वरपर्यंत ओली निघते. रात्रभरात सगळं खाली उतरतं. दोन बोटं कमी दिसणारच, माझ्या आजोबांनी ओतलं असतं तरी दिसली असती. दोघांनी सहा-सहा औंसच घातलं होतं. कुणी कुणाला फसवलं नव्हतं." त्याने धूर सोडला. "पहिल्या दिवशी तरी."

अल्फान्सोच्या कानामागून पेंडीचं पाणी ओघळत होतं. बोलायचं नाही असं ठरवलेलं तीन महिन्यांचं सगळं त्याच्या तोंडातून एकदम बाहेर पडलं.

"पण तू जाणारच आहेस ना मुलुंडला! मग मला वाटणारच. तीन महिने वाट बघतोय मी, आज सांगेल, उद्या सांगेल. अकरा वर्षं मॅन! एका शब्दाने सांगू नये?"

जयवंत त्याच्याकडे बघतच राहिला. "कोण जातंय मुलुंडला?"

"मामांनी खोल्या दिल्यात ना?"

"देत होते. मी शिमग्यालाच नाही म्हणून कळवलं त्यांना."

"नाही म्हणालास? मग मला का सांगितलं नाहीस?"

"तुला? तुला सांगितलं असतं, मामा दोन खोल्या देत होते, नोकरी देत होते, मी नको म्हटलं. तर तू काय म्हणाला असतास?"

अल्फान्सो कानातली पेंड काढायला लागला.

"यात याचा काहीतरी डाव आहे, असं म्हणाला असतास," जयवंत म्हणाला. "आणि तीन महिने तू माझ्याशी धड बोलत नव्हतास. मागे बसून नुसता मानेकडे बघायचास. मला वाटलं, ह्याका दुसरो कोणतरी भागीदार गावलो. म्हणून तेल कमी घालतोय, गाडी मोडीत काढायची म्हणून."

"मला? दुसरा भागीदार?" अल्फान्सोचा आवाज चिरकला. "मला दुसरं कोण सहन करेल?"

हे मात्र गुणाजीलाही पटलं.

दोघं घरी जाऊन आपापल्या बाटल्या घेऊन निघाले, तेव्हा अंगणात ॲग्नेस आणि विमला कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. एकाच्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली, दुसऱ्याच्या हातात गुलाबपाण्याची, अंगाला आंबूस वास आणि दोघांचे डोळे लाल.

"भरदिवसा?" विमला म्हणाली. "आणि आता दोघं मिळून?"

"अगं, हे गाडीचं तेल आहे," जयवंत म्हणाला. ॲग्नेसने बाटली हिसकावून घेऊन नाकाशी धरली, आणि नवरा दारुडा नाही हे कळल्यावर तिला जितका आनंद व्हायला हवा होता तितका झाला नाही. दारुड्याचं निदान फादरना सांगता येतं.

गुणाजीने तेल गाळून घेतलं, कमी पडलं तेवढं स्वतःचं घातलं, नट लावायच्या आधी हँडल दाबून गाडी चार वेळा खालीवर केली आणि मग म्हणाला, "हे असं दाबायचं असतं, म्हणजे तेल लगेच खाली उतरतं. आता कुणी काडी घालायची नाही." संध्याकाळी दोघं गाडीवरून घरी आले तेव्हा गाडी खड्ड्यांवरून पाळण्यासारखी डुलत होती. अल्फान्सो मागे बसला होता. त्याला फार बरं वाटत होतं. जयवंत कुठे जाणार नव्हता. जयवंतने आपल्यासाठी दोन खोल्या सोडल्या होत्या. ही गोष्ट त्याने मनात घोळवली आणि त्याला गलबलून आलं.

हे बरं वाटणं मंगळवारपर्यंत टिकलं. बुधवारी त्याच्या मनात आलं, पण दोन खोल्या आणि नोकरी असं कुणी सोडतं का? एका माणसासाठी? आणि तो माणूस म्हणजे आपण? गुरुवारी त्याला खात्री वाटायला लागली की त्या खोल्यांतच काहीतरी खोट असणार. शनिवारी त्याने ठरवून टाकलं.

रविवारी मिस्सा आटोपून, ॲग्नेसला मावशीकडे जातो असं सांगून, दादरला लोकल बदलून अल्फान्सो मुलुंडला पोचला. विचारत विचारत त्याने घर शोधून काढलं. घर नवं होतं, पुढे पेरूचं झाड होतं. ओसरीवर एक टकले, हसतमुख गृहस्थ पेपर वाचत बसले होते.

"खोल्या भाड्याने आहेत असं ऐकलं," अल्फान्सो म्हणाला. "सहज चौकशीला आलो. मी गिरगावचा."

गृहस्थांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी पेपरची घडी घातली, आत वळून चहा टाकायला सांगितलं आणि ते उठले.

"या, अल्फान्सोराव, या. कालच जयवंताचं पत्र आलंय. लिहितो, एक्सरचे एक गृहस्थ रविवारी मिस्सा झाल्यावर येतील. गाव खोटं सांगतील, पण माणूस सोन्यासारखा आहे. त्यांना चहा द्या, दोन्ही खोल्या दाखवा, आणि आतल्या खोलीतलं कपाट हलवून मागची भिंतसुद्धा दाखवा, नाहीतर त्यांचं समाधान व्हायचं नाही." मामा आतल्या खोलीकडे निघाले होते. "कपाट जरा जड आहे हो. एका बाजूने तुम्ही धरा."

अल्फान्सोने खाली मान घालून कपाट धरलं. दोघांनी मिळून ते हातभर सरकवलं. मागची भिंत कोरडी ठणठणीत होती.